गडावरचं तेलुगू

सीताफळ दाबून बघायचं नसतं. त्याचे डोळे बघायचे असतात. खवल्यांच्या मधल्या रेघा पिवळसर होऊन उकलायला लागल्या, की फळ झाडावरून उतरवायचं आणि दोन दिवस गवतात झाकून ठेवायचं. दसरा झाला, कापसाची पहिली वेचणी सुरू झाली, की जैनथच्या बाजारात बायका टोपल्या मांडून बसतात. कुणी फळाला अंगठा लावला की त्यांचा हात लगेच पुढे येतो. ‘दाबू नका बाई, डोळे पाहा.’ कुणी हे मराठीत सांगते, कुणी तेलुगूत. ‘कंड्लु चूडु.’ दोन्ही भाषांत सीताफळाला डोळेच आहेत. हे मला पहिल्यांदा कळलं ते एका डोंगरावर, पडक्या तटाला पाठ टेकून, दहावीत दोनदा नापास झाल्यावर.

माझं माहेर आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याजवळ, हायवेपासून थोडं आत. गावाच्या मागे डोंगर आणि डोंगरावर गड. तो कोण्या गोंड राजाचा, एवढंच सगळ्यांना माहीत. कोणत्या राजाचा, कुणाशी लढताना पडला, हे गावात ज्याला विचारावं तो वेगळं सांगे. गड म्हणजे तरी काय, दोन पदरी तट, त्यातला बाहेरचा निम्मा ढासळलेला. दरवाज्याची कमान पडून गेलेली, दोन्ही बाजूंचे खांब मात्र उभे. आत खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं, आणि पूर्वेच्या कोपऱ्यावर एक बुरूज, त्याच्या अर्ध्या पायऱ्या शाबूत. बाकी सगळीकडे सीताफळी. तटाच्या सांध्यांतून, टाक्याच्या काठावर, राजाच्या वाड्याचा चौथरा म्हणून जो दाखवत, त्याच्या बरोबर मधोमध. माणसं गेल्यावर त्या झाडांनी गड ताब्यात घेतला होता, आणि निदान ती दरवर्षी काही देत तरी होती.

वर जायला दोन वाटा होत्या. एक गुरांची, लांबून वळणं घेत जाणारी. दुसरी सरळ अंगावर येणारी, दगडी पायऱ्यांचे तुकडे मधून मधून दाखवणारी. तिला राजाची वाट म्हणत. राजाच्या वाटेनं चढायचं आणि गुरांच्या वाटेनं उतरायचं, असा शहाण्यांचा रिवाज होता. आम्ही उलट करायचो.

आम्ही म्हणजे मी आणि राजव्वा.

ती सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझे आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले. बाबा आमच्या घरातले पहिले शिकलेले, प्राथमिक शाळेत शिक्षक. गावच्या विहारात त्यांना पुढे बसवत, लग्नाच्या याद्या, अर्ज, तक्रारी त्यांच्याकडून लिहून घेत. अशा माणसाची मुलगी दहावीत नापास झाली. तीही गणितात नाही, इंग्रजीत नाही. तेलुगूत. आमचा जिल्हा तेव्हा आंध्रात, त्यामुळे मराठी शाळेतही तेलुगू घ्यावंच लागे. आम्ही पोरं तेलुगूची अक्षरं गिरवायचो, धडे पाठ करायचो, पण त्यांचा अर्थ आमच्या वाटेला कधी आला नाही. मला तेलुगूचं पान न अडखळता मोठ्यानं वाचता यायचं. त्यात काय लिहिलं आहे हे मात्र कळायचं नाही. डोळे बांधून चुलीपाशी वावरावं तसं ते वाचणं होतं.

पावसाळ्यात पुन्हा परीक्षा दिली. दसऱ्याच्या आधी निकाल आला. पुन्हा तेलुगू. बाबा शाळेतून आले, निकालाचा कागद कोनाड्यात ठेवला आणि काही न बोलता जेवले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी आतून ऐकलं, ते मायला सांगत होते, “किनवटकडच्या पाहुण्याइले होकार कळवून टाकतो. मार्चात पुना बसवून काय होनार हाय?”

माय म्हणाली, “मार्चापर्यंत थांबले तर पाहुणे काई मरून नाई जात.”

माझी माय शाळेची पायरी चढली नव्हती. पण हा बंदोबस्त तिनं केला. डोंगराच्या पायथ्याशी जंगल खात्याची एक खोली होती, तिथे मल्लय्या नावाचा वॉचर नवाच बदलून आला होता. त्याची बायको राजव्वा गोदावरीपलीकडची, करीमनगरच्या अंगाची. तिला मराठी येत नव्हतं, हिंदीही दोन-चार शब्दांपुरतं. गावातल्या विहिरीवर ती सगळ्यांच्या शेवटी पाणी भरायची आणि कुणाशी न बोलता निघून जायची. मायची आणि तिची विहिरीवरच ओळख झाली. ओळख म्हणजे मायनं तिच्या डोक्यावर घागर चढवून दिली, एवढंच. त्या संध्याकाळी माय बाबांना म्हणाली, “ते बाई रोज गडावर सीताफळाले जाते. सुमीले तिच्यासंगं धाडतो.”

“पुस्तक सोडून डोंगरावर तेलुगू येते काय?”

“पुस्तकानं दोनदा पाह्यलं ना करून. तिले आपलं समजत नाई, इले तिचं समजत नाई. दिवसभर डोंगरावर राहतीन त बोलतीनच नं, मुक्यावानी किती राहतीन?”

बाबांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. आमच्या घरात त्याचा अर्थ हो असा होता.

राजव्वा तेव्हा चाळिशीची असेल. काळी, उंच, कपाळावर मोठं कुंकू, पायांत जाड चांदीची कडी. चढताना ती मागे वळून पाहत नसे, पण माझा पाय घसरला की बरोबर थांबायची. पहिला दिवस आम्ही खरंच मुक्यासारखा काढला. तिनं फळ तोडायचं, मी टोपलीत ठेवायचं. दुपारी तिनं भाकरीचं फडकं सोडलं, मी माझं सोडलं. मी मिठाची पुडी आणायला विसरले होते. तिच्या फडक्याकडे बोट दाखवून मी मीठ मागितलं. तिनं फडकं झटकून दाखवलं आणि म्हणाली, “उप्पु लेदु.”

लेदु. नाही. ती पहिल्या दिवसाची कमाई. त्या एका शब्दावर आम्ही आठवडा काढला. तटाच्या पलीकडे जायला बघितलं की ती म्हणायची, “तोव लेदु.” वाट नाही. दुपारी पानसुद्धा हललं नाही की, “गालि लेदु.” गालि म्हणजे वारा. मला आधी वाटलं ती कुणाला तरी शिवी देते आहे. मी दचकलेली पाहून तिनं पदर हवेत उडवून दाखवला, गाल फुगवून फुंकर मारली, आणि मग आम्ही दोघी हसलो ते फडकं बांधेपर्यंत हसतच होतो. गुट्टा म्हणजे डोंगर. रायि म्हणजे दगड. चेट्टु म्हणजे झाड. माझ्या पुस्तकात हे सगळे शब्द होते, मी ते शंभरदा वाचले होते. पण दगडावर बसून दगड म्हटल्याशिवाय तो दगड होत नाही, हे मला गडानं शिकवलं.

मी तिला मराठी शब्द द्यायला लागले तेव्हा ती मान हलवायची. तिला नको होते. तिला हवी होती कुणीतरी ऐकणारी. पंधरा दिवसांत तिच्या बोलण्याला बांध राहिला नाही. ती चढताना बोलायची, झाडावरून बोलायची. तिच्या गावच्या तळ्याबद्दल, तिच्या म्हशीबद्दल, भावाबद्दल, आणि सगळ्यात जास्त तिच्या अम्माबद्दल. दहातले दोन शब्द मला कळत. ते दोन पकडून मी पुढच्या दोनांपर्यंत उडी मारायची, पायरीवरून पायरीवर टाकावी तशी. अम्मा विड्या वळते. अम्माला दिसत कमी. अम्मा हिच्यासाठी आंब्याचं लोणचं राखून ठेवते. कधी ती माझं पुस्तक उघडून पुढे करायची, मी धडा घडाघडा वाचून दाखवायची, आणि तिनं अर्थ विचारला की नुसती हसायची. बुरजावरून खाली हायवे दिसायचा. ट्रक आधी दिसायचा, त्याचा आवाज मागून वर यायचा. निर्मलकडे जाणाऱ्या बसकडे ती बोट दाखवायची आणि म्हणायची, ती बस. म्हणजे, त्या बसनं माझ्या गावाला जायचं.

पुढे मी शिक्षिका झाले आणि एका वर्षी जैनथकडच्या माझ्या शाळेची सहल याच गडावर घेऊन गेले. चाळीसेक मुलं, दोन जीप, खिचडीचं सामान. दरवाज्यात आणि चौथऱ्यावर गुप्तधनासाठी माणसांनी खड्डे खणून ठेवले होते. एका मुलीनं विचारलं, “बाई, सापडलं काय त्यांयले काई?” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “मंग काऊन खणून राह्यले?” मी त्या मुलांना बुरजावर नेलं, टाकं दाखवलं, तट दाखवला, जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. एक जागा मात्र दाखवली नाही. बुरजाच्या सावलीत तटाचा एक सपाट दगड आहे. त्यावर बसून मी राजव्वाला पत्र वाचून दाखवलं होतं.

राजव्वासोबतच्या त्या वर्षी दिवाळी आठवड्यावर आली होती. त्या दिवशी टोपली लवकर भरली. राजव्वा दगडावर बसली, पदराच्या गाठीतून निळं आंतर्देशीय पत्र काढलं आणि माझ्यापुढे धरलं. “सदुवु,” म्हणाली. वाच.

पत्र आधीच फोडलेलं होतं. मी कसंबसं विचारलं, हे कधी आलं? तिनं दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग पुन्हा एका हाताची. बरेच दिवस झाले होते. मल्लय्यानं वाचलं होतं. त्यानं काय सांगितलं? “अंता मंचिगुन्नरु.” सगळे बरे आहेत. मग पुन्हा कशाला वाचायचं, हे विचारण्याइतकं तेलुगू माझ्याजवळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला विचारायचंही नव्हतं. वाचणं ही तर माझी एकुलती एक येणारी गोष्ट होती. इतके दिवस मी तिच्यापुढे अडाणी होते. आता तिला येत नसलेलं काहीतरी मला येत होतं. मी ओढणी सावरली, ताठ बसले आणि वर्गात उभी राहिल्यासारखं खणखणीत वाचायला लागले.

अक्षर चांगलं होतं. गावातल्या कुणीतरी तिच्या भावाच्या सांगण्यावरून लिहिलेलं असणार. सुरुवातीला नमस्कार, मग मल्लय्याचं नाव, मग पाऊस, मग भात. हे मला कळत होतं आणि कळतंय याचा आनंद माझ्या आवाजात चढत होता. पुढे आलं, “मन अम्म चनिपोयिंदि.” मी ते स्वच्छ वाचलं. अम्म कळलं. पोयिंदि कळलं, कारण सोबत आणलेली तिची बकरी दरीकडे गेली की राजव्वा हेच ओरडायची. पोयिंदि, गेली. मधलं चनि तेवढं निसटलं. म्हणजे अम्मा गेली. मला वाटलं, कुठे तरी गावाला गेली असेल. मी पत्रातून मान वर केली, हसले, आणि आयुष्यातलं पहिलं पूर्ण तेलुगू वाक्य माझं मी जुळवून विचारलं.

“अम्म येडिकि पोयिंदि?”

अम्मा कुठे गेली?

राजव्वा माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. खालून एका ट्रकचा आवाज वर येऊन विरून गेला. मग ती अगदी हळू, शिकवताना बोलायची तशी बोलली.

“अम्म लेदु.”

मीठ नाही. वाट नाही. वारा नाही. अम्मा नाही.

माझ्या हातातला कागद खाली आला. तिनं तो उचलून पुन्हा माझ्या हातात दिला. “इंकोसारि सदुवु.” अजून एकदा वाच. मी मान हलवून नको म्हटलं. तिनं माझं मनगट धरलं. आणि मी तेच पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नमस्कार, मल्लय्याचं नाव, पाऊस, भात. पहिल्या वेळी जे चार ओळींचं अंतर मी पळत पार केलं होतं, ते दुसऱ्या वेळी संपता संपेना. त्या शब्दापाशी आले तेव्हा मला रडू फुटलं. ती माझ्या मनगटावरचा हात तसाच ठेवून बसली होती. रडत मी होते, ती नाही.

त्या दिवशी आम्ही गुरांच्या वाटेनं उतरलो. टोपली वरच राहिली.

संध्याकाळी मल्लय्या आमच्या दारात आला. बाबांशी तो हिंदीत बोलायचा. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, तो फक्त थकलेला होता. “मास्टरसाब, खत आया तब तक तो सब हो चुका था. मिट्टी भी, दसवाँ भी. मेरी छुट्टी मंजूर नहीं हुई थी. छुट्टी मिलती तो बोलता, उसको लेके जाता. यहाँ अकेली रो के क्या करती वो?”

बाबांनी हात जोडले. “बच्ची है. उसको समझा नहीं.”

तो गेल्यावर बाबा माझ्यासमोर येऊन बसले. मला वाटलं, आता खरी बोलणी खायची आहेत.

“तू पत्र बराबर वाचलं?”

“हो.”

“एकबी अक्षर चुकलं नाई?”

“नाही.”

बाबांनी कोनाड्यातून निकालाचा कागद काढून पाहिला. मग म्हणाले, “माझ्याच्यानं नसतं झालं. मले तेलुगू वाचता नाई येत. हापिसातून कागद येते, मी सह्या करतो अन् दुसऱ्याले इचारतो, काय लिवलं हाय.” एवढं बोलून ते उठले. माझ्या बाबांनी स्वतःला काहीतरी येत नसल्याचं मला सांगितलं, ती एकच वेळ. पाहुण्यांचं नाव त्यांनी नंतर काढलं नाही.

माय मात्र काही न विचारता भाकरी बांधून जंगलाच्या खोलीवर गेली होती. ती परत आली तेव्हा मी विचारलं, काय बोलली तिच्याशी? माय म्हणाली, “काय बोलनार? बसून राह्यलो. ते तिच्या मायचं सांगत होती, मी आयकत होतो.”

“तुला काय कळलं?”

“मायचं हाय ते. कळते.”

दुसऱ्याच दिवशी मल्लय्या रजेची वाट न बघता तिला घेऊन निघाला. दिवाळी होऊन गेल्यावर ती परत आली. सीताफळं संपत आली होती, उरलेली माकडांनी फोडून टाकली होती, गडावर पानगळ सुरू झाली होती. आम्ही आणखी तीन-चारदा वर गेलो. ती आधीसारखी बोलायची, माझ्या चुका काढून दाखवायची, पण पत्राचा विषय तिनं काढला नाही. एकदा तिनं भावाला पत्र लिहायला सांगितलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले, तिच्या गावाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा माझ्या हातानं लिहिलं. लिहिताना मनात होतं, आज म्हणावं, माझं चुकलं. पण चुकलं काय, हेच मला नेमकं सांगता येत नव्हतं. अक्षर तर एकही चुकलं नव्हतं. मला बोचत होतं ते माझं हसणं. ‘अम्मा कुठे गेली’ असं मी हसून विचारलं होतं. पुढे कितीतरी वर्षं, वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना, बसमध्ये, भाजी निवडताना तो प्रश्न माझ्याच आवाजात अचानक ऐकू यायचा आणि मी डोळे मिटून घ्यायची.

मार्चात मी तेलुगूत पास झाले. उन्हाळ्यात मल्लय्याची बदली जन्नारमच्या जंगलात झाली. सामानाच्या बैलगाडीमागून राजव्वा चालत गेली, हायवेपर्यंत मी सोबत होते. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं कपाळाशी मोडली. माफी तेव्हाही राहूनच गेली.

मी शिक्षिका झाले, माझी नेमणूक जैनथकडे, पैनगंगेच्या बाजूच्या एका मराठी शाळेत झाली, आणि तेलुगूचा तास कुणालाच नको असल्यामुळे तो माझ्याकडे आला. मुलं पुस्तक उघडून घडाघडा वाचतात तेव्हा मी त्यांना मध्येच थांबवते. काय वाचलं, सांग. त्यांना नाही सांगता येत. मग मी पुस्तक मिटायला लावते आणि सगळ्यांना बाहेर कडुलिंबाखाली नेते. चेट्टु. रायि. गालि. हेडमास्तरांना वाटायचं, ही बाई शिकवायचा कंटाळा करते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी करीमनगरच्या अंगाला, मेटपल्लीला आमचं दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एका बसच्या पाटीवर मी गावाचं नाव वाचलं आणि कप तसाच हातात राहिला. ते नाव मी एकदा पत्रावर लिहिलं होतं. रविवारी त्या बसमध्ये बसले. मनात वाक्यं जुळवत गेले. आता मला तेलुगू येत होतं, माफी मागायचे चार प्रकार येत होते.

मल्लय्या वारला होता. राजव्वा भावाच्या घराशेजारी खोली बांधून राहत होती. केस पांढरे झाले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. मी नाव सांगितलं तेव्हा तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, “सुमना, किती शुद्ध बोलतेस. अगदी रेडिओसारखं.” दुपार गप्पांत गेली. बस निघायला थोडा वेळ उरला तेव्हा मी ते शेवटी बोलले. मला कळलं नव्हतं, मी हसले होते, मला क्षमा कर.

ती पान लावत होती. तिचा हात थांबला. “कशाबद्दल? मला माहीत होतं की.”

“काय माहीत होतं?”

“अम्मा गेल्याचं.” तिनं चुना पानावर पसरला. “लग्न झाल्यापासून त्या माणसानं कधी घागर उचलली नव्हती. पत्र आलं त्या दिवसापासून रोज पाणी भरून ठेवायला लागला. जेवताना माझ्याकडे बघेना. काळजी घ्यायला लागला म्हणजे काय झालं असणार? पत्र भावानं धाडलेलं, मग अम्माशिवाय माझं दुसरं होतं कोण?”

“मग माझ्याकडून का वाचून घेतलं?”

तिनं पानावर सुपारी टाकली. मग म्हणाली, “पोस्टमनकडे नेलं असतं तर त्यानं आधी मनात वाचलं असतं. मग माझ्याकडे बघितलं असतं. मग तोंड उघडलं असतं. आईची बातमी ऐकायच्या आधी मला त्याचा चेहरा बघावा लागला असता. मला तो नको होता. तुला कळणार नाही, हे मला ठाऊक होतं. तू लिहिलं आहे तेवढं वाचशील, स्वच्छ, आणि ती बातमी मला एकटीला पोचेल. म्हणून पंधरा दिवस गाठीला बांधून ठेवलं, तुझं वाचणं चांगलं आहे अशी खात्री होईपर्यंत.”

मी विचारलं, “आणि मी विचारलं ते? अम्मा कुठे गेली म्हणून?”

आता ती हसली. “तेच तर चुकलं माझं. मला वाटलं होतं, तुला काहीच कळणार नाही. तुला अर्धं कळलं. मग मी घाबरले. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी तुला कळेल असा शब्द शोधायचा होता. तुला येत तरी किती होते, वीस-तीस? त्यातला कोणता द्यावा? तो शोधण्यात माझं रडू थांबलं.” तिनं पान दुमडून माझ्या हातात दिलं. “तू लहान होतीस गं. तुझ्यावर ते ओझं पडलं. क्षमा मी मागायला हवी.”

मी जमवून आणलेल्या चार वाक्यांतलं एकही त्या जागी बसेना. बसनं भोंगा दिला. ती दारापर्यंत आली, उंबऱ्याला हात लावून उभी राहिली आणि सहज म्हणाली, “तुझी माय त्या संध्याकाळी माझ्याजवळ बसली होती. एक शब्द बोलली नाही. बरी आहे ना ती?”

बरी आहे, मी म्हटलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, मी तीन महिन्यांत मायला पाहिलेलं नव्हतं.

प्रशिक्षण संपल्यावर निर्मलहून आदिलाबादची बस धरली. घाट चढून बस वर आली. मला आदिलाबादला उतरून पुढे जैनथची गाडी पकडायची होती, दुसऱ्या दिवशी शाळा होती. नेरडीगोंडा आलं तशी मी पिशवी उचलली आणि उतरले. गावापर्यंत चालत गेले. दुपार कलली होती. माय अंगणात बसून तुरीची डाळ पाखडत होती. बाबा विहाराकडे गेलेले होते. मला बघून तिचे हात सुपावरच थांबले.

“काऊन व, काई झालं काय?”

“काई नाई. अशीच आली.”

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. सूप बाजूला ठेवून उठली. “हात-पाय धू. मी भाकर टाकतो.”

मी हात-पाय धुतले नाहीत. तशीच आत जाऊन चुलीजवळ जमिनीवर बसले, तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. ती पीठ मळत होती. पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “आज राहशीन ना?”

“राहतो,” मी म्हटलं.